उकिरड्याचे शास्त्र मांडणारा साहेब

रेवदंड्याच्या आसपास भात कापून खळ्यावर आले की शेत फार दिवस मोकळे राहत नाही. जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरून घ्यायचा, ही अलिबागपासून कुंडलिकेच्या खाडीपर्यंतच्या पट्ट्यातली जुनी रीत. पाणी द्यायला नको, फार मशागत नको. भाताने सोडलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाल उभा राहतो. पौष-माघात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्याच्या शेंगांची पोपटी लागते, आणि मुंबईला गेलेली मुलेबाळे त्या निमित्ताने घरी येतात. पण एखाद्या वर्षी शेंग धरायच्या ऐन वेळी हिरवे झाड मान टाकते. आज एक, उद्या चार, आठवड्याने वाफाच्या वाफा. उपटून पाहावे तर मूळ तपकिरी पडलेले. शेतकरी त्याला मर म्हणतो, कोणी मूळकूज म्हणतो. देशावर तुरीला आणि हरभऱ्याला हीच कीड (खरे तर कीड नव्हे, बुरशी) दरवर्षी किती घरांचा घास काढून घेते, ते तिकडच्या माणसाला विचारावे.

या रोगावर फवारा फारसा चालत नाही, कारण शत्रू पानावर नसून मातीत आहे. म्हणून उपायही मातीतच घालावा लागतो. कोणी निंबोळी पेंड टाकते, कोणी करंजाची. कोणी आधीच्या हंगामात ताग पेरून तो फुलावर येताच गाडते. कोणी चांगले कुजलेले कंपोस्ट ओळीत देते. हे सगळे आपल्याला इतके परिचयाचे झाले आहे की, यामागे कधी काळी मोठे भांडण झाले असेल असे मनातही येत नाही. ते झाले होते. रोग बुरशीमुळे येतो की माती आजारी पडल्यामुळे, असा तो वाद होता, आणि त्यातला एक पक्ष जवळजवळ एकहाती लढवणारा माणूस सव्वीस वर्षे हिंदुस्थानात राहिला, त्यातली सात होळकरांच्या इंदुरात. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. पुढे तो सर झाला, आणि जगभरचे सेंद्रिय शेतीवाले त्याला आपला मूळ पुरुष मानू लागले. त्याच्या कामातला इंदूरचा वाटा मात्र मराठी वाचकाला फारसा सांगितला गेलेला नाही.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या लहानशा गावी, शेतकरी घरात झाला. शेणामुताचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. पुढे लंडनला विज्ञान शिकून ते केंब्रिजला गेले. १८९६ साली निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवला आणि पाठोपाठ शेतकीची पदविका घेतली. इथवर सारे सरळ होते. पहिली मोठी नोकरी मिळाली ती वेस्ट इंडीजमध्ये, आणि तीही कवकशास्त्रज्ञ म्हणून. म्हणजे बुरशीचा तज्ज्ञ. ज्या माणसाने पुढे उभे आयुष्य बुरशीच्या तज्ज्ञांशी वाद घातला, तो स्वतः त्याच पेशातून आला होता, हे ध्यानात ठेवायला हवे. बार्बाडोसला बसून उसावरचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, बुरशीला नाव द्यायचे, अहवाल लिहायचा आणि बेटाबेटांवरच्या मळेवाल्यांना सल्ला द्यायचा, असा तो दिनक्रम. तिथेच त्यांच्या मनाला पहिली टोचणी लागली. आपण लोकांना औषध सांगतो, पण ते आधी करून पाहायला आपल्याजवळ वीतभर जमीन नाही. आजाऱ्याला न पाहता चिठ्ठी लिहून देणाऱ्या वैद्यासारखी आपली गत आहे, असे त्यांना वाटू लागले.

१९०३ ते १९०५ ही वर्षे इंग्लंडमधल्या केंट परगण्यात हॉप्स या वेलावर काम करण्यात गेली. मग १९०५ मध्ये हिंदुस्थानातून बोलावणे आले. लॉर्ड कर्झन यांना हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाने मोठी देणगी दिली होती, आणि तिच्यातून बिहारमधल्या पुसा या गावी शेतीसंशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहत होती. हॉवर्ड तिथे इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी गॅब्रिएल मॅथाई या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फेलो. वनस्पती प्रकाशात अन्न कसे तयार करते आणि त्यावर उष्णतेचा काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे काम लग्नाआधीच नावाजले गेले होते. विद्वत्तेत त्या नवऱ्यापेक्षा कणभरही कमी नव्हत्या. काहींच्या मते वरचढच होत्या, आणि त्यांचे त्या काळचे शोधनिबंध चाळले तर ते मत अगदीच वावगे वाटत नाही. तरी सरकारदरबारी आधी त्यांचे स्थान नवऱ्याच्या मदतनिसाचे. १९१३ मध्ये त्या दुसऱ्या इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट नेमल्या गेल्या. एका बाईला असा हुद्दा मिळणे ही त्या काळच्या सरकारी शेतकी खात्यात अपूर्वाईच होती. यापुढे हॉवर्ड यांनी केले असे जिथे जिथे म्हणावे, तिथे या दोघांनी केले असे वाचावे.

पुसाला पोचताच हॉवर्डसाहेबांनी पहिली मागणी केली ती जमिनीची. प्रयोगशाळा नंतर. वरिष्ठांना हे फारसे रुचले नाही, पण बऱ्याच ओढाताणीनंतर पंच्याहत्तर एकर मिळाले. आता सल्लागार नाही, शेतकरी व्हायचे होते. आणि शेती शिकायची कोणाकडून? तर भोवतालच्या खेड्यांतल्या बिहारी शेतकऱ्यांकडून. त्यांच्या शेतात रोग कमी दिसतो, औषध तर कोणी मारत नाही, मग ते काय करतात हे पाहायचे. दुसरे गुरू म्हणजे खुद्द कीड आणि बुरशी. पीक जिथे चुकीच्या जागी, चुकीच्या तऱ्हेने घेतले आहे तिथेच ती येतात. म्हणजे चूक दाखवणारे मास्तरच म्हणायचे ते. मास्तरांना मारून शिकणे होत नाही, असा त्यांचा रोख. पाचेक वर्षांत, १९१० च्या सुमारास, आपल्या शेतातली पिके औषधाविना निरोगी येतात असे ते सांगू लागले. दोघांनी निवडलेले 'पुसा ४' आणि 'पुसा १२' हे गहू याच काळातले. हिंदुस्थानच्या शेतीत त्यांनी मोठे नाव मिळवले आणि १९१४ मध्ये हॉवर्डना सी.आय.ई. हा किताबही मिळाला.

बैलांची गोष्ट तर फार प्रसिद्ध आहे. पुसाच्या शेतावर हॉवर्डनी सहा बैलजोड्या ठेवल्या होत्या आणि त्यांना आपल्याच शेतातला चारा घातला जाई. शेजारच्या गोठ्यांत तोंडखुरीची साथ आली. मधे कुंपण बुटके, त्यावरून दोन्हीकडची जनावरे एकमेकांना नाक लावीत. लस टोचलेली नसूनही हॉवर्ड यांच्या बैलांना काही झाले नाही. यावरून त्यांनी जो सिद्धान्त बांधला तो असा : माती निरोगी तर पीक निरोगी, पीक निरोगी तर जनावर निरोगी, आणि शेवटी माणूस. बारा बैलांवर एवढा मोठा डोलारा उभा करावा का, असे आजचा संशोधक विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त ठरेल. पण हॉवर्ड यांना ते डोळ्यांनी दिसले होते, आणि डोळ्यांनी दिसलेले सोडून देण्यातला तो माणूस नव्हता.

खरी ठिणगी पडली ती द्विदल पिकांवरून. पुसालाच, काही पावलांच्या अंतरावर, एडविन बटलर नावाचे आयरिश गृहस्थ बसत. मूळचे वैद्यकीचे पदवीधर. आता सरकारचे इम्पीरियल मायकॉलॉजिस्ट. आपल्या देशातल्या वनस्पतिरोगशास्त्राचा पाया त्यांनी घातला असे आजही मानले जाते. तुरीची मर कशाने होते याचा त्यांनी चिकाटीने शोध घेतला आणि १९१० साली कारण जगापुढे ठेवले. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते, झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि त्या बुजवून टाकते. झाडाला पाणी असूनही तहान लागते आणि ते उभ्याउभ्या वाळते. साल सोलली तर आत काळपट रेघ दिसते, तीच खूण. पीक काढल्यावरही ही बुरशी जमिनीतल्या मुळांच्या, धसकटांच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षे तग धरते. बटलर यांचे काम आज शंभराहून अधिक वर्षांनी जसेच्या तसे उभे आहे.

हॉवर्ड यांच्यापुढे दुसरे द्विदल आले : नीळ. जर्मनीत १८९७ पासून कारखान्यात नीळ बनू लागल्यावर बिहारचे निळीचे मळे बुडत चालले होते. तग धरण्यासाठी मळेवाल्यांनी जास्त रंग देणारी जावा नीळ आणली, तर ती थोड्याच वर्षांत मर लागून जाऊ लागली. कोणी बुरशीला दोष दिला, कोणी किड्याला. हॉवर्ड पतिपत्नींनी झाडांची मुळे पाण्याने हळुवार धुऊन मोकळी केली आणि पाहत बसले. पावसाळ्यात जमीन चिंब होऊन हवा कोंडली की आधी बारीक मुळ्या मरतात, त्यांच्याबरोबर नत्र साठवणाऱ्या गाठी जातात आणि मग झाड वाळते. ज्या वाफ्यांत फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या मिसळून माती मोकळी केली होती, तिथे पीक सुधारले. म्हणजे मूळ दुखणे मातीचा श्वास कोंडण्याचे. बुरशी आलीच तर ती मागाहून, मेलेल्या घरी येणाऱ्या पाहुण्यासारखी.

निळीपुरते हे खरे होते. पण हॉवर्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळेच रोग असे आहेत, बुरशीमागे धावणारे सारे खातेच बिनकामाचे आहे, या टोकाला ते गेले. बटलर यांच्यासारख्यांची हयात ज्या कामात गेली, त्याला हे सरळ आव्हान होते. कचेऱ्यांतून कागद फिरू लागले, समित्या बसल्या. पीक एक आणि त्याचे तुकडे करून वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, कवकशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ अशा वेगवेगळ्या खोल्यांत वाटलेले. सबंध पीक पाहायला कोणीच नाही, ही हॉवर्ड यांची तक्रार. ती चुकीची नव्हती, पण मांडण्याची तऱ्हा मित्र जोडणारी नव्हती. सगळ्या शाखा एका छताखाली आणणारी नवी संस्था काढावी म्हणून त्यांनी बरीच वर्षे खटपट केली. पुसात ते जमण्याची चिन्हे दिसेनात.

इथे होळकरांचे इंदूर पुढे आले. मुंबईच्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने दरसाल पैसा द्यायचे कबूल केले, मध्य हिंदुस्थानातली संस्थाने वर्गणीदार झाली, आणि इंदूर दरबारने सुमारे ३०० एकर जमीन दिली. तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते. पुढच्याच वर्षी मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणाने दरबार हादरला आणि १९२६ मध्ये महाराजांना गादी सोडावी लागली. त्या गदारोळात शहराच्या कडेला एक साहेब आणि त्याची मडम कचरा कुजवत बसले आहेत, याकडे कोणाचे लक्ष जाणार? पण १९२४ ते १९३१ ही सात वर्षे हॉवर्ड दांपत्याच्या आयुष्यातली सर्वात फळलेली वर्षे ठरली. १९२६ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्षपदही हॉवर्ड यांच्याकडे आले.

इंदुरात त्यांना एक जोडीदार मिळाला : यशवंत वाड. संस्थेतले शेतकी रसायनशास्त्राचे काम वाड पाहत. माळव्याची काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिखल होणारी. तिला हवा मिळायची तर तिच्यात कुजलेले सेंद्रिय द्रव्य हवे. शेण मात्र गोवऱ्या होऊन चुलीत जाते, आणि पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा, तण हे सारे जाळले जाते किंवा बांधावर पडून राहते. एवढ्याशा शेणात सगळा काडीकचरा कसा कुजवायचा, हा प्रश्न. चीनमधले शेतकरी शेकडो वर्षे हेच करत आले आहेत, हे अमेरिकन प्रवासी अभ्यासक किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून हॉवर्डना ठाऊक होते. आपल्याकडचा उकिरडाही होताच. त्याला हिशेब नव्हता, तो हिशेब हॉवर्ड आणि वाड यांनी बसवला.

त्यांची रीत अशी. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या कडक असतात, म्हणून त्या आधी शेतरस्त्यावर पसरायच्या. येत्याजात्या बैलगाड्यांखाली त्या चुरून निघतात. यंत्र नको, खर्च नको. मग त्यात सुका पाला, हिरवे तण असे मिश्रण करून ते गोठ्यात बैलांखाली अंथरायचे. सकाळी हे अंथरूण शेणासकट उचलायचे. गोठ्याची जमीन फरशीची न करता मातीचीच ठेवायची. तिच्यात मूत्र मुरते, आणि ती माती दर तीन महिन्यांनी खणून वापरायची. सोबत चुलीतली राख. हे सारे तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थरांनी भरायचे आणि दाबायचे नाही, कारण हवा हवी. पाणी शिंपडत राहायचे. पंधरवड्याने एकदा, महिन्याने पुन्हा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा असे खालीवर करायचे. नव्वद दिवसांत भुसभुशीत, काळे, मातीचा वास येणारे खत तयार. आतली उष्णता इतकी चढते की तणाचे बी आणि बऱ्याच रोगांचे जंतू मरतात. संस्थेच्या चाळीस बैलांच्या जोरावर वर्षाला हजार गाड्यांच्या आसपास खत निघू शकते, असा हिशेब त्यांनी मांडला. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून सगळे सडते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचे. ही शेवटची सूचना दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे विशेष ध्यानात घेण्यासारखी. नारळाच्या झावळ्या, सुपारीचा पाला, पेंढा यांची वाड्यांतून काय वाण आहे!

कोकणाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. मातीवर झाडपाल्याचा उपचार करण्याची आपली स्वतःची एक रीत आहे : राब. भाताचा रोपा टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला, गवत आणि वर माती असे थर रचून उन्हाळ्यात ते जाळायचे. इंग्रज अधिकारी कित्येक वर्षे यात नुसती जंगलाची नासाडी पाहत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा कसून अभ्यास केला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध झाला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, माती तापण्यात आहे, असे त्यातून पुढे आले. अडाणी समजल्या गेलेल्या शेतकऱ्याच्या रीतीमागे कारण असते, हे हॉवर्ड पुसाला म्हणत होते; ते इथे पुण्याच्या प्रयोगशाळेने दाखवले.

इंदूरची पद्धत जगाला कळली ती १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या पुस्तकातून. शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस कसा करावा, हा त्याचा विषय, आणि लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. आज त्या पुस्तकाचे नाव निघते तेव्हा दुसरे नाव बहुधा गळते. ते गळू नये. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपासून सिलोनच्या चहापर्यंत इंदूर हे नाव एका कृतीचे नाव झाले. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली, आणि 'हरिजन'मधून त्या पद्धतीची ओळख करून दिली.

हे यश पाहायला गॅब्रिएल राहिल्या नाहीत. ऑगस्ट १९३० मध्ये जिनिव्हाला त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सोबत आणि कामातली अर्धी बुद्धी एकदम गेली. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांची धाकटी बहीण लुईझ जिनिव्हातच आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम करत होती. तिच्याशी त्यांनी १९३१ मध्ये विवाह केला. १९३४ मध्ये सर हा किताब मिळाला. निवृत्त माणसाने बागेत गुलाब लावावेत, पण हे गृहस्थ आता अधिकच पेटले. जंगलातल्या मातीत एक प्रकारची बुरशी झाडांच्या मुळांशी सोयरीक करते आणि त्यांना अन्न पुरवते, हे डॉ. रेनर या विदुषीचे काम त्यांच्या वाचनात आले. १९३७-३८ च्या सुमारास चहाच्या मळ्यांत हिंडताना कंपोस्ट घातलेल्या झुडपांच्या मुळांवर ती सोयरीक दिसली आणि त्यांना वाटले, आपल्याला किल्ली सापडली. गंमत अशी की बुरशीला कमी लेखणाऱ्या माणसाच्या सिद्धान्ताचा कणा अखेर एक बुरशीच झाली. १९४० साली 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. ते त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केले. रासायनिक खतांवर त्यांनी त्यात आणि पुढे इतक्या कडवटपणे लिहिले की जुने सहकारी शास्त्रज्ञ दुरावले. उलट अमेरिकेत रोडेल यांच्यासारख्यांनी १९४२ पासून मासिक काढून त्यांचा झेंडा उभारला.

मग बरोबर कोण, बटलर की हॉवर्ड? याचे उत्तर पुसाच्याच मातीने दिले, आणि ते दोघांनाही पुरते सुखावणारे नाही. मॅकरे आणि शॉ या दोन संशोधकांनी तिथल्या कायमच्या वाफ्यांत वेगवेगळ्या खतांवर तूर घेऊन मर मोजली. १९३३ साली निष्कर्ष बाहेर आले. सुपरफॉस्फेट दिलेल्या वाफ्यांत मर वाढली, हे हॉवर्ड यांच्या बाजूचे. पण शेणखत दिलेल्या वाफ्यांतही ती वाढली! ताग गाडलेल्या वाफ्यांत मात्र ती कमी झाली. म्हणजे सेंद्रिय तेवढे सगळे चांगले, असा सरसकट हिशेब चालत नाही. कोणते द्रव्य, किती कुजलेले, कोणत्या रोगाला, हे पाहावे लागते. पुढे दिल्लीला वासुदेव यांनी १९५० च्या दशकात मातीतला बॅसिलस हा जिवाणू तुरीच्या मर-बुरशीला मारणारे द्रव्य तयार करतो हे दाखवले. ट्रायकोडर्मा ही हितकारक बुरशी तर आज तालुक्याच्या दुकानात पुडीत मिळते. पेंड, ताग किंवा कंपोस्ट मातीत घातले की अशा मित्रजीवांना खाणे मिळते, त्यांची संख्या फुगते आणि रोगकारक बुरशीला जागा उरत नाही. शिवाय काही पेंडी कुजताना सुटणारे अमोनिया आणि आम्लेही तिला सोसत नाहीत. थोडक्यात, बुरशी खरी होती, जसे बटलर म्हणाले. आणि तिला आवर घालणारी शक्तीही मातीतच होती, जसे हॉवर्ड म्हणाले.

वाल, तूर किंवा हरभरा करणाऱ्या घरांसाठी यातून निघणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. हिरवा ताग गाडल्यावर लगेच बी टाकू नये. दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्यावेत, कारण ताज्या हिरव्या मालावर रोपे कुजवणाऱ्या बुरश्या आधी माजतात. अर्धवट कुजलेला काडीकचरा बुंध्याशी राहिला तर हरभऱ्याला, भुईमुगाला लागणारी खोडकूज बळावते. ट्रायकोडर्माची पुडी कोरडी भिरकावण्यापेक्षा चांगल्या कुजलेल्या, ओलसर खतात मिसळून काही दिवस सावलीत ठेवून मग द्यावी. आणि एकाच रानात वर्षामागून वर्ष तूर घेऊ नये. मधे ज्वारी आली की मर उतरते, हे देशावरच्या जुन्या माणसांना माहीत होते आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांतही तेच दिसले. रोग ज्या शेतात ठाण मांडून आहे तिथे नुसत्या पेंडीने भागत नाही. रोगाला दाद न देणारे वाणही लागते, आणि तो धडा मात्र बटलर यांच्या परंपरेचा.

सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनच्या ब्लॅकहीथ भागात वारले. ज्या देशात त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली, तो स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. आदल्याच वर्षी इंग्लंडात त्यांच्या विचारांवर सॉइल असोसिएशन ही संस्था निघाली होती, पण तिच्यातही ते सामील झाले नाहीत. स्वभाव शेवटपर्यंत तसाच. लुईझबाईंनी १९५३ साली त्यांच्या हिंदुस्थानातल्या कामाचा सविस्तर वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला आणि त्यात आपल्या बहिणीचा वाटा जागोजाग नोंदवला. पुसाची मूळ इमारत त्याआधीच, १९३४ च्या भूकंपात पडली होती आणि संस्था दिल्लीला हलली होती. इंदूरच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय झाले, आणि आज माळव्यातली मुले तिथे शेती शिकायला येतात.